कॅलेडोनियन १२३ आणि जोन्स गुड्स: मॉडेल घेण्यापूर्वी इंजिनाचे वर्ष ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्लासगोच्या रिव्हरसाइड संग्रहालयात पाहिलेली दोन इंजिने, कॅलेडोनियन रेल्वेचे निळे १२३ आणि हायलंड रेल्वेचे पिवळे १०३, म्हणजेच ‘जोन्स गुड्स’, आपल्याला ओओ मापात, म्हणजे सुमारे १:७६ प्रमाणात, हवी आहेत. ती तयार घ्यावीत, किट आणून बांधावीत की जुने ट्राय-ॲंग हॉर्नबीचे १२३ मिळवून सुधारावे. रंग संग्रहालयातील इंजिनांवरून घेतला तर चालेल का. आणि पुढे त्याच रुळांवर ग्लासगोत बांधलेले एखादे भारतीय इंजिन चालवता येईल का, असेही आपण विचारले आहे.

तयार की किट, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो. ऐतिहासिक इंजिनाची प्रतिकृती करताना पहिला निर्णय वर्षाचा असतो, आणि तो न घेता केलेली खरेदी पुढे प्रत्येक टप्प्यावर नडते. वाफेचे इंजिन पन्नास वर्षे धावले की त्या काळात त्याचा बॉयलर बदलतो, धुराडे बदलते, टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा गाडा, दुसऱ्या इंजिनाचे येते, क्रमांक आणि रंग तर मालकीगणिक बदलतात. १२३ हे नीलसन कंपनीने १८८६ मध्ये एडिनबराच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये लंडन ते एडिनबरा या गाजलेल्या शर्यतीत त्याने कार्लाइल ते एडिनबरा हे सुमारे १०० मैलांचे अंतर, बीटॉकचा चढ ओलांडून, सरासरी १०८ मिनिटांच्या आत कापले. पुढे बराच काळ ते संचालकांच्या खास डब्याला जोडले जात असे. १९२३ नंतर, कॅलेडोनियन ज्या मोठ्या रेल्वे कंपनीत विलीन झाली त्या एलएमएसमध्ये, त्याचा क्रमांक १४०१० झाला आणि १९३५ मध्ये ते सेवेतून निघाले, तेव्हा एकाच चालक आसाचे असे ब्रिटनमधील ते शेवटचे इंजिन होते. १९५८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने ते पुन्हा निळे करून धावते केले. आज आपण पाहता ते हे १९५८ चे इंजिन आहे. त्याचा सांगाडा जुना असला तरी त्याला मधल्या काळात नवा बॉयलर बसलेला आहे, त्यामुळे संग्रहालयातील इंजिनाची मापे घेऊन शर्यतीच्या वर्षाचे मॉडेल करता येत नाही.

जोन्स गुड्सच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. डेव्हिड जोन्स यांच्या आराखड्यावरून ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कारखान्याने १८९४ मध्ये अशी १५ इंजिने बांधली आणि ४-६-० (पुढे चार लहान चाके, मग सहा चालक चाके, मागे एकही नाही) ही चाकांची रचना ब्रिटनमध्ये प्रथम त्यांच्यामुळे आली. १०३ हे त्यांतील पहिले. १९३४ मध्ये ते बाजूला काढून जपले गेले आणि १९५९ मध्ये पुन्हा धावू लागले, तेव्हा त्याला विल्यम स्ट्राउडली यांचा तो प्रसिद्ध पिवळा रंग देण्यात आला, ज्याला स्ट्राउडली स्वतः ‘सुधारित हिरवा’ म्हणत. स्ट्राउडली हायलंड रेल्वेत होते ते जोन्स यांच्या आधी. ही इंजिने मालगाड्या ओढत असताना हिरवी होती, आणि पिवळ्या रंगात ती नित्याच्या सेवेत नव्हती, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून पिवळे जोन्स गुड्स हे १९५९ ते १९६६ मधल्या खास सहलींच्या गाड्यांचे मॉडेल ठरते. ते तसे ठेवायला काहीच हरकत नाही, पण मग त्याच्या मागे ब्रिटिश रेल्वेचे डबे हवेत आणि फलाटावर १९६० ची माणसे हवीत. त्याच्या मागे हायलंडची १९०० ची मेंढ्यांची वाघीण जोडली, तर जाणकाराला ते लगेच खटकेल.

वर्ष ठरवायचे तर छायाचित्रे पाहावी लागतात, आणि इथे एक गोष्ट फार लोक विसरतात. त्या काळातील काचेच्या प्लेट्स निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे कॅलेडोनियनचा निळा रंग जुन्या छायाचित्रात फिकट, जवळपास राखाडी दिसतो, आणि सांगाड्याचा गडद किरमिजी रंग काळा दिसतो. पिवळा रंगही अपेक्षेपेक्षा बराच गडद उमटतो. शिवाय कारखान्यातून बाहेर पडताना काढलेल्या अधिकृत छायाचित्रांसाठी इंजिनाला अनेकदा मुद्दाम राखाडी रंग दिलेला असे, कारण त्यात बारकावे नीट उमटत. तेव्हा कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ओळखू नये. त्यावरून धुराड्याचा आकार, घुमटाची जागा, वाळूच्या नळ्या, ब्रेकचा पंप, रिव्हेटच्या ओळी आणि टेंडरच्या कठड्याची उंची मात्र ओळखावी, कारण त्या बाबतीत छायाचित्राइतका खात्रीचा साक्षीदार नाही. कारखान्याचे आराखडे कागदावर काय ठरले होते ते सांगतात. कारखान्यात प्रत्यक्ष काय झाले ते छायाचित्रातच सापडते. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचे आणि तिच्यात १९०३ मध्ये विलीन झालेल्या नीलसन, ड्यूब्स व शार्प स्टुअर्ट या तिन्ही कारखान्यांचे कागद ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आणि मिचेल ग्रंथालयात पाहता येतात. कॅलेडोनियन रेल्वे असोसिएशन, हायलंड रेल्वे सोसायटी आणि नॉर्थ ब्रिटिश रेल्वे स्टडी ग्रुप या अभ्यासकांच्या संस्थांचे सभासदत्व घेणे मी किटपेक्षाही आधी सुचवीन. दर फेब्रुवारीत ग्लासगोला भरणाऱ्या मॉडेल रेल स्कॉटलंड या प्रदर्शनात ही मंडळी भेटतात आणि हातात छायाचित्र दिले की त्याचे साल सांगणारी माणसे तिथे असतात.

ब्रेकच्या पंपाचा उल्लेख वर ओघात आला, पण तो क्षुल्लक नाही. कॅलेडोनियन, नॉर्थ ब्रिटिश आणि ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड या कंपन्या वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक वापरत, तर हायलंड आणि ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न निर्वात ब्रेकच्या बाजूच्या होत्या. त्यामुळे आपल्या दोन इंजिनांपैकी १२३ ला हवेचा पंप आणि बफरच्या तुळईवर त्याची नळी हवी. हायलंडच्या इंजिनाला ती नको. दुकानात मिळणाऱ्या जोडभागांच्या पाकिटात दोन्ही प्रकार असतात आणि घाईत चुकीची नळी चिकटवली जाते.

आता मापाकडे वळतो. ओओमध्ये इंजिन १ फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६ या प्रमाणात असते, पण रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात, जे खरे तर १:८७ च्या एचओ मापाला शोभणारे अंतर आहे. ४ फूट ८½ इंचांचा मार्ग ४ मिलिमीटरच्या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर यायला हवा. हा सव्वादोन मिलिमीटरहून अधिकचा फरक बाजूने पाहताना कळत नाही, समोरून पाहिले की इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. त्यावर ईएम म्हणजे १८.२ मिलिमीटर आणि पी४ म्हणजे १८.८३ मिलिमीटर असे दोन उपाय आहेत. माझे मत स्पष्ट आहे: फ्लॅटमधल्या एका खोलीत, ४३८ मिलिमीटर त्रिज्येची ठरावीक वळणे वापरून गाडी फिरवायची असेल, तर ओओच ठेवावे. पी४ साठी वळणांची त्रिज्या मीटरच्या घरात न्यावी लागते आणि रूळ हाताने टाकण्याची तयारी हवी. काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी एकच इंजिन करायचे असेल, तर मात्र ७ मिलिमीटरच्या ओ मापाचा विचार करावा. तिथे १२३ चे ७ फुटी चालक चाक ४९ मिलिमीटरचे होते आणि हात जिथे ओओमध्ये अडखळतात तिथे नीट चालतात.

ओओमध्ये तेच चाक २८ मिलिमीटरचे येते, आणि १२३ च्या मॉडेलचे सगळे यश या एका चाकात आहे. या इंजिनाचे सिलिंडर सांगाड्याच्या आत आहेत. बाहेर एकही दांडा हलताना दिसत नाही. पाहणाऱ्याला दिसते ते फक्त कमानदार आवरणाखाली फिरणारे मोठे, बारीक आऱ्यांचे चाक. म्हणून आऱ्यांची संख्या छायाचित्रावरून मोजावी आणि चाक विकत घेताना तीच मागावी. आरे जाड असतील तर बाकीचे कितीही सुबक असो, इंजिन खेळण्यासारखे दिसते. दुसरी अडचण आवरणाची आहे. मॉडेलच्या चाकाची आतली कड खऱ्या प्रमाणापेक्षा खोल असते, त्यामुळे अचूक मापाच्या आवरणात ते चाक घासते. काही किटांत यासाठी आवरण किंचित मोठे केलेले असते, काहींत चाक एखाद्या मिलिमीटरने लहान सुचवलेले असते. मी चाक लहान करण्याच्या बाजूचा आहे, कारण आवरणाची कमान आणि बॉयलर यांच्यामधील अंतर डोळ्याला आधी दिसते. पितळी आवरणाला चाकाची धाव क्षणभर जरी टेकली तरी शॉर्ट सर्किट होते, त्यामुळे आवरणाच्या आतून अगदी पातळ कागद एपॉक्सीने चिकटवून वर लाखेचा हात द्यावा. हे काम रंगाच्या आधी करायचे असते. नंतर तिथे बोट पोहोचत नाही.

हे इंजिन मॉडेलमध्ये गाडी ओढत नाही, अशी तक्रार आपण ऐकली असेल. तक्रार खरी आहे, पण कारण वजनाच्या वाटणीत आहे. चालक आस एकच. पुढे चार लहान चाकांचा गाडा, मागे एक लहान आस. या पुढच्या आणि मागच्या चाकांनी वजन उचलले की चालक चाकावर भार उरत नाही आणि ते जागच्या जागी फिरत राहते. उपाय असा, की पुढच्या गाड्यावर इतकीच हलकी स्प्रिंग ठेवावी की तो रुळावरून उतरणार नाही, मागचा आस उभ्या खाचेत सैल ठेवून वर फॉस्फर ब्राँझच्या तारेचा किंचित दाब द्यावा, आणि बॉयलरमध्ये शिसे भरताना इंजिनाचा गुरुत्वमध्य चालक आसाच्या बरोबर वर आणावा. ४-४-० रचनेच्या इंजिनात हे साधत नाही, कारण तिथे चालक आस मागे असतात आणि पुढे शिसे भरावे तितके इंजिन नाक खाली घालते. म्हणून त्यात टेंडरचे पुढचे टोक इंजिनाच्या मागच्या भागावर टेकवून भार वाढवतात. १२३ मध्ये चालक आस मध्याजवळ असल्यामुळे इंजिन त्या एका आसावर तोलता येते. धातूचे चाक आणि जर्मन सिल्व्हरचा रूळ असेल तर आसावरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ओढ मिळते, असा अंदाज धरावा. चाकावर रबरी पट्टी चढवून ओढ वाढवता येते, पण त्याने वीज घेण्याचे एक चाक गमावते आणि रूळ घाण होतात. विजेसाठी टेंडरच्या सहाही चाकांवर संपर्क ठेवावेत आणि डिजिटल नियंत्रण हवे असेल तर डीकोडरही (नियंत्रणाचे संदेश घेणारा छोटा भाग) टेंडरमध्ये बसवावा. राहिला प्रश्न किती डबे. १८८८ च्या शर्यतीत १२३ च्या मागे चारच डबे होते, तेव्हा मॉडेलने चार ओढले तर ते इतिहासाशी सुसंगतच आहे.

१९६३ मध्ये ट्राय-ॲंगने बाजारात आणलेले आणि पुढे हॉर्नबीने वेळोवेळी पुन्हा काढलेले १२३ सुधारावे का? त्याच्या सांगाड्याचा एकूण तोल बरा आहे, हे त्या काळचा विचार करता कौतुकाचे आहे. चाकांच्या कडा मात्र खोल आहेत, त्यामुळे आजच्या बारीक रुळांवर त्या आपटतात, आणि हातकठडे व पायऱ्या प्लास्टिकमध्येच ओतलेल्या आहेत. स्वस्तात जुने मिळत असेल तर वरचा भाग वापरून खाली नवे चाकपाटे (चाके बसवायचा तळाचा सांगाडा), नवी मोटर आणि गिअरबॉक्स बसवणे हा उत्तम शिकण्याचा मार्ग आहे. चांगल्या स्थितीतील, मूळ खोक्यातील प्रत मात्र उघडू नये. ती संग्राहकाला विकावी आणि त्या पैशांत चाके घ्यावीत.

जोन्स गुड्ससाठी माझे उत्तर लहान आहे. रॅपिडो ट्रेन्स यूके या कंपनीने ओओ मापात त्याचे तयार मॉडेल जाहीर केले आहे. ते घ्यावे, आणि आपल्या वर्षाला जुळणारा रंग निवडावा. सहा जोडचाके, बाहेरचे सिलिंडर, दांडे आणि दोन बाजूंच्या चाकांमधील ९० अंशांचा कोन हे सगळे पहिल्याच किटमध्ये साधणे कठीण असते. शिवाय बाहेरच्या सिलिंडरांमागेच पुढचा गाडा असल्यामुळे लहान त्रिज्येच्या वळणावर त्याची चाके सिलिंडरला अडतात, आणि ही अडचण कारखान्यात सोडवलेली मिळणे सोयीचे आहे. घेताना एकच गोष्ट जवळून पाहावी, ती म्हणजे धुराडे. जोन्स यांची धुराडी दुहेरी भिंतीची असत आणि बाहेरच्या भिंतीच्या पुढच्या बाजूला आडव्या फटी असत, ज्यांतून आत शिरलेली हवा धूर वर उचलून चालकाच्या डोळ्यांपासून दूर ठेवी. या फटी ओओमध्ये मिलिमीटरच्या अंशांत येतात. त्या खोल कोरलेल्या असतील आणि काळ्या रंगाने बुजलेल्या नसतील, तर मॉडेल करणाऱ्याने मन लावून काम केले आहे असे समजावे.

रंगाबद्दल वर बोललो तरी निळ्याविषयी थोडे सांगायलाच हवे. कॅलेडोनियनचा अधिकृत रंग गडद प्रशियन निळा होता. पर्थच्या कारखान्यात त्यात पांढरा मिसळून तो फिकट केला जाई, काटकसरीसाठी, असे सांगतात, आणि तो फिकट निळाच लोकांच्या मनात बसला. म्हणजे दोन्ही छटा बरोबर आहेत, एकाच इंजिनावर एकाच वेळी मात्र नाहीत. लहान वस्तूवर कोणताही गडद रंग अधिक गडद दिसतो, म्हणून डबीतील रंगात थोडा पांढरा घालून तो मवाळ करावा. हा निर्णय संग्रहालयातील दिव्यांखाली घेऊ नये. नमुन्याची पट्टी दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून घ्यावा. रेषांचे काम सर्वांत अवघड. खऱ्या इंजिनावरची पाव इंचाची पांढरी रेघ ओओमध्ये ०.०८ मिलिमीटर येते. अभियांत्रिकी रेखाचित्राच्या पेटीतील रुलिंग पेन कितीही घासून धारदार केले तरी इतकी बारीक रेघ सहसा येत नाही. अनुभवी हात ०.२ च्या जवळ जातात आणि डोळा तेवढे खपवून घेतो. नवख्याने छापील ट्रान्सफर वापरावेत. काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ असे ते एकत्र मिळतात, पण आवरणाच्या कमानीवर ते वाकवताना कोमट पाण्याने मऊ करून टप्प्याटप्प्याने बसवावे लागतात.

याच कारणासाठी १२३ हे पहिले किट म्हणून मी सुचवणार नाही. हात बसवायचा असेल तर नॉर्थ ब्रिटिश रेल्वेचे जे३६ वर्गाचे ०-६-० मालवाहू इंजिन घ्यावे. अशी १६८ इंजिने १८८८ ते १९०० या काळात बांधली गेली आणि त्यांतील दोन १९६७ च्या जूनपर्यंत सेवेत राहिली. स्कॉटलंडमधील ब्रिटिश रेल्वेची ती शेवटची वाफेची इंजिने. सरकारी काळातील साधा काळा रंग, रेषा नाहीत, चाके ५ फुटी म्हणजे २० मिलिमीटरची, आणि धूळ-काजळीखाली सांध्यांच्या चुका झाकल्या जातात. हॉर्नबीने याचे तयार मॉडेल काढले आहे, त्यामुळे आपले काम शेजारी ठेवून ताडता येते. या वर्गातील ‘मॉड’ हे इंजिन स्कॉटलंडमधील बोनेस येथे जपलेले आहे. पहिल्या महायुद्धात या वर्गातील २५ इंजिने फ्रान्सला गेली आणि परतल्यावर त्यांना सेनापतींची व रणभूमींची नावे मिळाली, तीही पितळी पाटीवर नव्हे, तर चाकाच्या आवरणावर रंगाने लिहून. त्यामुळे नाव असलेले मॉड १९१४ च्या देखाव्यात ठेवता येत नाही.

किट बांधताना डाख (सोल्डर) देण्याचा क्रम पाळावा. पितळ व जर्मन सिल्व्हरच्या कोरीव पत्र्यांचे मुख्य सांधे १८८ अंशांना वितळणाऱ्या डाखाने, त्यांच्यावरचे बारीक भाग १४५ अंशांच्या डाखाने आणि व्हाइट मेटलची धुराडी, घुमट वगैरे ७० अंशांच्या डाखाने जोडावेत, म्हणजे नंतरची उष्णता आधीचे सांधे उघडत नाही. व्हाइट मेटलजवळ साधी, तापमान न आवरता येणारी डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) नेऊ नये. घुमटाचा थेंब व्हायला दोन सेकंद लागतात. प्रत्येक बैठकीनंतर फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावलेले द्रव्य, गरम पाण्याने व जुन्या टूथब्रशने धुवावा. कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी हे त्याच रात्री करावे, कारण पावसाळ्यात आम्लयुक्त फ्लक्स राहिलेल्या सांध्यावर सकाळपर्यंत हिरवट थर चढतो आणि पुढे रंग तिथूनच सुटतो.

शेवटचा प्रश्न भारतीय इंजिनाचा. नाते खरे आहे: जोन्स गुड्सच्या आराखड्यावर ग्लासगोत भारतीय रेल्वेसाठी बांधल्या जाणाऱ्या ४-६-० इंजिनांचा प्रभाव होता असे नेहमी लिहिले जाते, दार्जिलिंगची छोटी ‘बी’ वर्गाची पहिली इंजिने शार्प स्टुअर्टची, आणि १९५० मध्ये आलेली डब्ल्यूजी वर्गाची पहिली १०० मालवाहू इंजिने नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हची. परंतु आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंचांचा आहे, आणि ४ मिलिमीटरच्या प्रमाणात तो बरोबर २२ मिलिमीटर येतो. ओओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ त्याला साडेपाच मिलिमीटरने कमी पडतात, आणि डब्ल्यूजीसारख्या रुंद इंजिनाखाली ही उणीव बाजूनेही लपत नाही. तेव्हा डब्ल्यूजी करायचेच असेल तर २२ मिलिमीटरचा एक वेगळा, सरळ तुकडा हाताने टाकून त्यावर ते उभे करावे. पट्ट्यांवर डाख देऊन रूळ टाकण्याची पद्धत ईएम आणि पी४ वाले वापरतात तीच आहे. फक्त अंतर तपासण्याचे गेज २२ मिलिमीटरचे स्वतः खराद करून घ्यावे लागते. पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भारतात राहून हे काम करणाऱ्याने तिथे एकदा जाऊन तोलून-मापून केलेली स्वयंचलित मांडणी पाहावी. दार्जिलिंगचे इंजिन मात्र २ फुटी मार्गाचे असल्यामुळे ४ मिलिमीटरच्या प्रमाणात ८ मिलिमीटरवर येते, आणि ते एन मापाच्या ९ मिलिमीटर रुळांवर, बाजारातील तयार चाकपाट्यांच्या आधारे, फारशी तडजोड न करता चालवता येते.